दिंद्रुडचं कुत्रं आणि साहेबांची मोटार

माझं माहेर दिंद्रुडचं आणि सासर बीड-नेकनूरच्या सडकेवरचं. सासरी मला कुणी नावानं हाक मारत नसे. बायका 'दिंद्रुडची' म्हणत, आणि तेवढंही ज्यांच्या जिभेला जड व्हायचं ते 'अगं ए' वर भागवत. माझ्यामागोमाग माहेराहून एक कुत्रंही आलं होतं, त्याला सगळे 'दिंद्रुडचं' म्हणत. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि त्या राज्यात मोठमोठ्या लोकांना लांबलचक किताब असत, असं ऐकून होते. आम्हा दोघांना मिळून एकच किताब होता आणि तो आम्ही वाटून घेतला होता.

कुत्रं कसं आलं ते सांगते. पिल्लू असताना मी त्याला माझ्या ताटातली भाकरी घालून वाढवलं होतं. मला न्यायला सासरची गाडी आली तेव्हा आई रडली, बहिणी रडल्या, शेजारणीही रीत म्हणून रडल्या, आणि कुत्रं मुकाट्यानं गाडीखाली शिरलं. आमच्या मुलखात कुत्री असाच प्रवास करतात. गाडीच्या आसाखाली, दोन चाकांच्या मधे चांगली सावली असते. बैल चालले की त्यांनी चालायचं, बैल थांबले की बसायचं. गाडीवानाला कधी वाकून बघावं लागत नाही. बैल उठाव घेतात, जू करकरतं, गाडीवान हाळी देतो, तोवर खालचं कुत्रं उठून उभं राहिलेलं असतं. दिंद्रुडापासून सासरच्या दारापर्यंत ते असं चालत आलं. दारात मला कुंकवाच्या पाण्यात पाय ठेवायला सांगितलं, तर ते माझ्याआधी त्यात पाय ठेवून उभं. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, सून एक ठरली होती, आल्या दोन.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांना ते कुत्रं डोळ्यांसमोर नको असे. घरातलं भाकरीचं एक तोंड वाढलं, हे ते कुत्र्याकडं बघून म्हणायचे आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. मग एका सुगीत खळ्यावर चोर आले आणि कुत्र्यानं एकाचं धोतर असं धरलं की चोर गेला आणि धोतर राहिलं. दुसऱ्या दिवशी मामा ते धोतर घेऊन चावडीवर गेले. तिथं ते 'आमचं कुत्रं' झालं. पाटील म्हणाले, गावचं कुत्रं आहे, गावाचं नाव राखलं. वाणी म्हणाला, उष्टं तर ते आमच्याच दारी खातं. एक भाकरी खाणाऱ्या जनावराला एका सकाळीत तीन मालक मिळाले. दिंद्रुडाचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही.

आता गावाच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. दौऱ्यावर येणारा सरकारी माणूस लहान असो की मोठा, त्याचा पहिला सवाल एकच असे, 'किसका है?' गाडी किसकी है, असं विचारलं आणि कुणी भोळेपणानं 'माझी' म्हणालं, की ती गाडी बैलांसकट आणि मालकासकट साहेबाचे तंबू वाहायला वेठीला जायची. मुर्गी किसकी है, असं विचारलेली कोंबडी संध्याकाळी साहेबाच्या पातेल्यात असायची. बाज नेली तर सुंभ तुटून परत यायची, म्हणजे आलीच तर. त्यामुळं आमच्या गावात पोर बोलायला लागलं की आईबाप म्हणायच्या आधी 'आमचं न्हाई' शिकायचं. एकदा सडकेवर भोकाड पसरून बसलेल्या पोराकडं बोट दाखवून कुणा अंमलदारानं विचारलं, हे कुणाचं? पोराचा सख्खा बाप शेजारी उभा होता. तो हात जोडून म्हणाला, मालूम न्हाई हुजूर. त्याची बायको पुढं कितीतरी दिवस त्याच्याशी बोलत नव्हती, पण गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अशा गावात एके दिवशी मोटार आली. तोवर मोटार आम्ही लांबून पाहिली होती, म्हणजे तिची धूळ पाहिली होती. या वेळी एक मोठे साहेब नेकनूरचा दौरा आटोपून बीडला परत जाताना आमच्या वेशीपाशी थांबणार असा सांगावा आला. साहेब कोणत्या खात्याचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पाटलांनी सडक झाडून घेतली. झाडली म्हणजे आमच्याकडून झाडून घेतली. कोंबड्या घरात कोंडल्या, बाजा माळ्यावर चढवल्या, चांगले बैल रानात पाठवले. आमचे हे त्या बैलांबरोबर रानात गेले आणि घडलं त्यातलं त्यांनी काहीच पाहिलं नाही, जे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. कुत्र्याला लपवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. कुत्र्याचं साहेबाला काय काम, असं सगळ्यांना वाटलं.

आमचं घर वेशीला लागून, सडकेच्या तोंडावर. अंगणाला पळकाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काटक्यांचा, कूड होता. आत्याबाई, मी आणि शेजारच्या दोघीतिघी कुडाच्या फटींना डोळे लावून उभ्या होतो. मोटार आली, काळी, वर कापडाचं छत, आणि पुढं खाकी कपड्यांतला हैदराबादी ड्रायव्हर. ती थांबली. पाटील हार घेऊन पुढं झाले, मामा नारळ घेऊन त्यांच्या मागं. उन्हाचा कहर होता. दिंद्रुडचं उठलं, मोटारीला एक फेरी घातली, चाकं हुंगली, आणि खाली शिरून निवांत बसलं. चार चाकं होती, वर आस होता, खाली सावली होती. बिचाऱ्याच्या हिशेबानं ती गाडीच होती, फक्त बैल कुठं दिसत नव्हते.

ते खाली बसलंय हे सगळ्यांनी पाहिलं. पाटलांनी पाहिलं, मामांनी पाहिलं, सडकेच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं उभ्या असलेल्या सगळ्या गावानं पाहिलं. कुणी बोललं नाही. साहेबांसमोर विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि मोटारीखाली कुत्रं आहे का, असं साहेबांनी विचारलं नव्हतं. हार झाला, नारळ झाला, साहेबांनी दोन शब्द उर्दूतून सांगितले, ते न कळून सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ड्रायव्हरनं मोटार सुरू केली. ना जू करकरलं, ना कुणी हाळी दिली. मोटार एकदम भुर्र करून पुढं गेली आणि मागचं चाक कुत्र्याच्या पायावरून गेलं.

ते ज्या आवाजात ओरडलं तो आवाज मला अजून सांगता येत नाही. माझे हात कुडाला आवळले गेले आणि काटक्या तळहातात रुतल्या.

मोटार थांबली. साहेब स्वतः खाली उतरले. तरुणच होते, आणि त्यांच्या घरी कुत्री असावीत, कारण ते लगेच उकिडवे बसले, आधी आपला हात त्याला हुंगू दिला आणि मगच त्याच्या पाठीला लावला. गावाला हे बघून धडकी भरली. साहेब जमिनीवर बसले म्हणजे आता कुणाची तरी धडगत नाही. पाटलांनी तत्परता दाखवायची म्हणून वेसकराला बोलावणं धाडलं. गावात मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याच्या गळ्यात बांधलेलं होतं. तो दोरी घेऊन आला, कुत्र्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "पाटील, हे तर जितं हाय." पाटील म्हणाले, मग जरा थांब. आणि सगळे थांबले. मेलेल्या जनावराचं काम कुणी करायचं ते आमच्या गावात ठरलेलं होतं. जित्या जनावराचं कुणी करायचं ते ठरलेलं नव्हतं. तेव्हा ते मरायची वाट बघण्यात गावाला काही गैर दिसलं नाही.

साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, "किसका कुत्ता है यह?"

झालं. सवाल ऐकताच दोन्ही बाजूंची माणसं एकेक पाऊल मागं सरली. पाटील सगळ्यांत आधी बोलले. हुजूर, आमच्या गावात कुत्रीच नाहीत. हे ते बोलत असताना शाळेमागं दोन कुत्री भांडत होती, पण साहेबांनी तो मुद्दा काढला नाही. वाणी म्हणाला, उधळलेलं असेल, नेकनूरकडून आलं असेल. बाकीच्यांनी नेकनूरवर शिक्कामोर्तब केलं. नेकनूर तिथं नसल्यामुळं त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात कुत्रं पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत निघालं. धुळीत रक्ताचा ओला पट्टा उमटत गेला. एवढ्या माणसांतून त्यानं घरचं माणूस हुडकलं आणि जाऊन मामांच्या जोड्यावर डोकं ठेवलं. मामांनी पाय मागं घेतला. कुत्र्याचं डोकं खाली धुळीत टेकलं. त्यानं पुन्हा मान उचलली आणि दुसऱ्या जोड्यावर ठेवली. साहेब हे सगळं बघत होते. त्यांनी मामांना विचारलं, हे तुझं आहे का? मामांच्या कपाळावर घाम आला, पण डोकं चाललं. म्हणाले, "हुजूर, ये सडक का कुत्ता है. और सडक सरकार की."

माझ्या शेजारच्या बायका पदराआड हसल्या. मला हसू आलं नाही. मी आत्याबाईंना म्हटलं, आपलं कुत्रं आहे ना ते. आत्याबाई म्हणाल्या, दिसतंय मला. मी म्हटलं, मग सांगा ना कुणीतरी. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. नव्या सुनेनं सडकेवर जाऊन, सासऱ्यासमोर, सरकारी माणसासमोर तोंड उघडायचं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगायची. त्या कुत्र्याला ज्यांनी आपलं म्हणायला हवं होतं त्यांचं तोंड बंद होतं, आणि मला म्हणायचं होतं तर माझ्या तोंडावर पदर होता. घराण्याची अब्रू मात्र त्या वेळी मामांच्या जोड्याजवळ धुळीत पडून विव्हळत होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि मग जे सांगितलं ते गावाला समजायला जरा वेळ लागला, कारण सरकारकडून असं काही ऐकायची कुणाला सवय नव्हती. बीडला जनावरांचा दवाखाना आहे. माझ्या मोटारीनं पाय मोडलाय, तर माझ्याच मोटारीतून मी याला तिथं पोचवतो. पण जनावराजवळ त्याचं माणूस लागतं. मालक असेल त्यानं मोटारीत बसून बरोबर यावं. म्हणूनच मी विचारत होतो.

मोटारीत बसून. हे दोन शब्द वेशीपासून चावडीपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ शांतता होती. मग पाटील खाकरले. म्हणाले, हुजूर, तसं बघायला गेलं तर कुत्रं गावचं आहे, आणि गाव म्हटलं की पाटील आलाच. वाणी म्हणाला, उष्टं आमच्या दारी खातं. न्हावी म्हणाला, याच्या कानातल्या गोचड्या मीच काढतो. नेकनूर एका क्षणात विसरलं गेलं. पण मामा त्या सगळ्यांचे बाप निघाले. ते खाली बसले, मघाशी ज्याच्याखालून पाय काढून घेतला तेच डोकं मांडीवर घेतलं आणि दाटलेल्या आवाजात म्हणाले की हे माझ्या सुनेच्या माहेराहून आलेलं, घरच्या लेकरासारखं जनावर आहे. साहेब थोडं हसले. हसण्यात काय होतं ते मला कुडाआडून दिसलं नाही. पण कुत्र्यानं मामांना आधीच निवडलं होतं, त्यामुळं वादाला जागा नव्हती.

मग मामा, थांबा, आलोच, असं साहेबांना सांगून घरात आले. मला वाटलं, जखमेला बांधायला काही न्यायला आले. त्यांनी दसऱ्याचा कोट मागितला. धोतर बदललं. फेटा एकदा बांधला, मनासारखा झाला नाही म्हणून सोडून पुन्हा बांधला. बाहेर सरकारची मोटार उभी, सरकारचा साहेब उभा, दिंद्रुडचं धुळीत पडलेलं, आणि आत मामा पितळी ताटात तोंड बघून मिशा सारख्या करताहेत. मी माझं जुनं लुगडं फाडून पट्ट्या केल्या आणि आत्याबाईंच्या हातात दिल्या. आत्याबाईंनी त्या मामांच्या हातात कोंबल्या आणि बजावलं, "ते बरं होईस्तोवर त्याच्यापसून हलू नका." मामा म्हणाले, "मी काय येडा हाय का?"

मोटार गेली. मामा ताठ बसले होते, एक हात कुत्र्यावर, एक हात फेट्यावर. मी कुडातून बघत राहिले. खरं सांगते, त्या घडीला मला मामांचा राग नव्हता. कोटासाठी का होईना, ते गेले होते. कुत्र्याजवळ घरचं माणूस होतं. दयेला कोट चढवायला लागला तरी ती दया असते, असं मी मनाला समजावलं. लहान वयात माणूस मनाला काहीही समजावू शकतं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी चावडीकडून हसण्याचा गलका ऐकू आला. मामा परत आले होते. घरी यायच्या आधी ते चावडीवर बसले होते, आणि गाव त्यांच्याभोवती बसलं होतं. झाडं कशी मागं पळत होती, भोंगा कसा वाजला, बीडच्या वेशीवरच्या शिपायानं मोटारीला सलाम ठोकला तो आपल्यालाही कसा लागू झाला, हे सगळं सांगून झाल्यावर, अंधार पडता पडता, ते जेवायला घरी आले. मोटारीत त्यांना ओकारी झाली होती, हे पुढं दुसऱ्याकडून कळलं. त्यांच्या सांगण्यात ती आली नाही.

आत्याबाईंनी ताट वाढलं आणि विचारलं, कुत्रं? मामा म्हणाले, आहे की तिथं. त्याच्यापाशी कोण आहे? मामा म्हणाले, सरकार आहे. आत्याबाईंनी भाकरीचा हात मागं घेतला. मग हळूहळू बाहेर आलं. साहेबांनी त्यांना दवाखान्याच्या फाटकाशी उतरवलं आणि मोटार बंगल्याकडं निघून गेली. साहेबांची दया फाटकापर्यंतची होती, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा, तेवढी तरी होती. आत दवाखान्याच्या माणसानं कुत्र्याला घेतलं आणि विचारलं, हे कुणाचं?

"मग?" आत्याबाई म्हणाल्या.

"मी म्हणलो, सरकारचं."

"कावून?"

"तोंडातून गेलं," मामा म्हणाले. "सवय हाय."

आणि एकदा सरकारचं म्हटल्यावर माझं कसं म्हणायचं? शिवाय माझं म्हटलं असतं तर तिथं राहावं लागलं असतं. मालकांसाठी तिथं एक पडवी होती, जमीन ओली, ढेकूण, खायचं आपलं आपण बघायचं. मामांनी ती पडवी बघितली होती, म्हणजे ती कशासाठी आहे हे त्यांना नीट माहीत होतं. वर ते म्हणाले, "सरकारी दवाखाना हाय. तिथं माणसापरीस जनावराची लई बडदास्त हाय. तुमी उगाच जीव खाऊ नका." आणि त्यांनी कालवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं.

मी आतून ह्यांना सांगितलं की बीडला जाऊन या. हे म्हणाले, वडील एकदा जाऊन आलेत, आता मी गेलो तर त्यांचा अपमान होईल. आमच्या घरात कुणाचा कशानं अपमान होईल हे फार बारकाईनं पाहिलं जाई. दिवस जात राहिले. चावडीवर रोज संध्याकाळी मोटार धावत होती.

एका पहाटे आत्याबाईंनी मला उठवलं. म्हणाल्या, दाढ दुखतेय, बीडला वैद्याकडं जायचंय, सोबतीला चल. शेजाऱ्याची गाडी बाजाराला निघालीच होती. गाडीत बसल्यावर त्यांनी मांडीवरचं गाठोडं सोडून पुन्हा नीट बांधलं, तेव्हा मला दिसलं, त्यात दुधात कालवलेल्या भाकरीचं गाडगं होतं. दाढ दुखणाऱ्या माणसानं वाटेत सुपारी कशी फोडली, हे मी विचारलं नाही. वाटेत त्या दिंद्रुडच्या कुत्र्याला शिव्याच देत होत्या, की ह्याच्यापायी कामं पडली, ह्याच्यापायी ऊन खायची पाळी आली. मी ऐकत होते आणि मला त्या शिव्या फार बऱ्या वाटत होत्या. गाडीत आमच्या पायाखाली सावली होती आणि तिथं काही नव्हतं.

दवाखान्याच्या चाकराला आत्याबाईंनी विचारलं. तो आठवावं लागेल अशा चेहऱ्यानं उभा राहिला, मग म्हणाला, ते मोटारीतून आलेलं होय. त्यानं आम्हाला मागच्या पडवीत नेलं. तिथं एका खुंटाला दोरीचं तुटकं टोक होतं, आणि पट्ट्या होत्या, माझ्या लुगड्याच्या, धुऊन वाळत घातलेल्या.

पाय नीट बसवला होता, असं तो म्हणाला. लंगडं झालं असतं, पण जगलं असतं. दुसऱ्यांची कुत्री बरी होऊन गेली. हे खाईना. परक्या जागी ठेवलेलं जनावर पहिले काही दिवस परक्या हातचं खात नाही, म्हणून तर मालकाला थांबवून घेतो. घरचं माणूस जवळ असलं की खातं. याचं कुणीच नव्हतं. दूध ठेवलं, मटण ठेवलं, तोंड फिरवायचं. दिवसभर फाटकाकडं तोंड करून असायचं. परवा गेलं.

मग त्यानं आम्हा दोघींकडं बघितलं आणि विचारलं, "तुमचं होतं का?"

"माझं होतं," मी म्हटलं. परक्या पुरुषाशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"मग आधी यायचं न्हवं का, बाई?" तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. त्याला काय माहीत, कुणाला येऊ दिलं नव्हतं आणि कोण येऊन गेलं होतं. मी तिथंच खाली बसून रडले, पदर तोंडात कोंबायचंही भान राहिलं नाही. एवढ्या मोठ्या सासरी मला ओळखणारा एकच जीव होता, आणि तो उपाशी मेला, दूध समोर असताना. आत्याबाईंनी वाळत घातलेल्या पट्ट्या काढल्या, घडी केली आणि कमरेला खोचल्या. परत येताना त्या एकही शिवी बोलल्या नाहीत. गाडग्यातली भाकरी आम्ही वाटेत बैलांना घातली.

आम्ही घरी पोचलो तर ओसरीवर पाहुणे. युसूफ वडगाव या गावचे मामांचे व्याही, माझ्या नणंदेचे सासरे, मोटारीची गोष्ट ऐकायला मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. चार शेजारी होते, पाटीलही होते. मामा रंगात होते. मोटार बीडच्या वेशीत शिरत होती, शिपाई सलाम ठोकत होता. मी आत जाऊन चुलीपुढं बसले, आत्याबाईंनी ओसरीवर ताटं मांडली. व्याह्यांनी सहज विचारलं, आणि ते कुत्रं? मामा म्हणाले, ते काय, सरकारी दवाखान्यात आरामात आहे, दूध पितंय, मटण खातंय.

मी उठले आणि ओसरीच्या दारात येऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता, तोंडावर घेतला नाही. त्या घरात चार पुरुषांदेखत सून कधी बोलली नव्हती.

"मामा, कुत्रं मेलं," मी म्हटलं. "पायानं न्हाई मेलं. तुमी त्याला टाकून आलात म्हणून उपाशी मेलं."

पाटील छताकडं बघू लागले. आमचे हे ओसरीच्या कोपऱ्यात होते, ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले, जे मघाशीच दाखवून झालं होतं. मामांचं तोंड लाल झालं. आता ते उठतील आणि मला गाडीत घालून दिंद्रुडला धाडतील, असं मला वाटलं, आणि त्या घडीला मला त्याची भीतीही वाटत नव्हती. त्यांनी आत्याबाईंकडं बघितलं, की आवर हिला. आत्याबाईंनी कमरेच्या पट्ट्या काढल्या आणि त्यांच्यासमोर ताटात ठेवल्या. म्हणाल्या, "खरं बोलली ती. जेवा आता."

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मला कुणी माहेरी धाडलं नाही, कुणी शब्दानं बोललं नाही, आणि घरात मोटारीची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. चावडीवर मात्र ती वर्षानुवर्षं चालू होती. तिथं दर खेपेला मोटार थोडी वाढायची आणि साहेब थोडे अधिक सलगीचे व्हायचे. तिथल्या गोष्टीत कुत्रं बरं झालं होतं. ते बीडला साहेबांच्या बंगल्यावर राहायचं, आणि मामा बाजाराला गेले की त्यांना लांबूनच ओळखायचं.